बीपी किती ते नंतर, मोजलं कधी ते आधी

आमच्या घरी बीपी मोजायची वेळ ठरलेली होती. सकाळी साडेसहा, चहाच्या आधी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वय ७९, रेल्वेतून निवृत्त. खुर्चीत ताठ बसायचे, दंडावर पट्टा स्वतःच बांधायचे आणि कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहायचे. १४४/८०. १३८/७८. १४६/८२. सगळं आयुष्य रेल्वेत गेलेलं, नोंद म्हणून कधी चुकायची नाही. ते कॅलेंडर दाखवलं की कोणताही डॉक्टर म्हणायचा, "वयाच्या मानाने छान आहे, गोळी चालू ठेवा."

आणि हाच माणूस दुपारी जेवून उठला की भिंत धरायचा.

सुरुवातीला कोणाला त्यात काही वाटलं नाही. जेवल्यावर खुर्चीतच डोळे मिटायचे, हाक मारली तर उशिराने "हं" यायचं, कधी शब्द जड पडायचा. विचारलं की ठरलेलं उत्तर, "मले काही होत नाही वं. जेवल्यावर माणूस पेंगतेच." नागपुरात दुपारी कोण पेंगत नाही, असंही आहेच. मग मार्चमधल्या एका रविवारी वरण-भात, वांग्याची भाजी, वरून दोन पुरणाचे कडबू असं साग्रसंगीत जेवून ते हात धुवायला बेसिनपाशी गेले आणि उभ्याउभ्या खाली बसले. कपाळ कडेवर आपटलं. टाके पडले.

लकवा असेल या भीतीने ह्यांनी लगेच गाडी काढली. मेंदूचा एमआरआय, ईसीजी, हृदयाची इको, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, साखर, सोडियम, सगळं झालं. सगळं वयाला साजेसं. दवाखान्यात पलंगावर बीपी १५०. अशक्तपणा म्हणून टॉनिक मिळालं. शेजारच्या काकू रोज दुपारी विचारपूस करायला यायच्या आणि मामाजी मलूल दिसले की प्रेमाने ग्लुकोजचं पाणी करून पाजायच्या. ते पिऊन मामाजी आणखी मलूल व्हायचे. याचा अर्थ आम्हाला पुढे कळला.

रामदासपेठेत वृद्धांच्याच आजारांचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा असं ह्यांच्या मित्राने सुचवलं. धंतोली आणि रामदासपेठ मिळून नागपूरचं निम्मं दुखणं तिथेच जमा होतं. गाडी लावायला जागा मिळाली म्हणजे अर्धा आजार बरा झाला असं समजावं. डॉक्टरांनी फाइल चाळली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "पडले तेव्हा शेवटचं काय खाल्लं होतं, आणि किती वेळ झाला होता?"

हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. आम्ही दोघं आठवायला लागलो. बेसिनपाशी पडले ते जेवण सुरू केल्यापासून पाऊण तासाने. भाच्याच्या लग्नात खुर्चीतून घसरले ते पंगतीनंतर. सकाळी फिरून येताना टपरीवर तर्री पोहे खाऊन घरी आले आणि फाटकापाशीच थांबून राहिले, तेही खाल्ल्यावरच. रिकाम्या पोटी एकदाही नाही. डॉक्टर म्हणाले, "मग सकाळी साडेसहाचं बीपी कितीही सुंदर असलं तरी माझ्या कामाचं नाही."

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. जेवलो की पचनासाठी आतड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो, जवळपास दुपटीवर जातो. तरुण शरीरात मेंदूला लगेच खबर लागते, हृदय जरा जोरात चालतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी जागेवर राहतं. म्हातारपणी ही सावरण्याची यंत्रणा सुस्तावते. मधुमेहाने किंवा पार्किन्सनने नसा कमकुवत झाल्या असतील तर जास्तच. मग रक्त पोटाकडे जातं आणि वर बीपी उतरतं. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, किंवा आधी १०० च्या वर असलेला ९० च्या खाली आला, तर त्याला जेवणानंतरचं लो बीपी म्हणतात. अन्न पोटातून आतड्यात जितक्या झपाट्याने उतरतं आणि त्यात पिठूळ-गोड जितकं जास्त, तितकी घसरण मोठी. म्हणजे काकूंचं ग्लुकोजचं पाणी सगळ्यांत वाईट. काकूंना हे सांगायचं काम ह्यांच्याकडे दिलं.

हा काही नवा शोध नाही. पार्किन्सनच्या एका रुग्णाची अशी हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९७७ सालीच छापून आलेली आहे आणि १९८३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये वृद्धांमधल्या या घसरणीवर अभ्यास आला. इतकी जुनी गोष्ट, आणि आमच्या ओळखीपाळखीत ज्यांच्या घरी म्हातारी माणसं जेवून घेरी येऊन पडतात, त्यांतल्या एकालाही ती माहीत नव्हती. गॅस, पित्त, अशक्तपणा, साखर कमी झाली, यांवरच सगळे थांबतात.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही, गृहपाठ दिला. जेवणाआधी दहा मिनिटं शांत बसून एकदा बीपी. मग पहिल्या घासापासून घड्याळ लावायचं, शेवटच्या घासापासून नाही. १५, ३०, ४५, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी मोजायचं. तोच हात, तीच खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, बोलायचं नाही. शिवाय आडवं पडून पाच मिनिटं झाल्यावर एकदा, आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने व तीन मिनिटांनी. कारण उठल्यावर उतरणारं बीपी हा वेगळा प्रकार, तो सोबत असू शकतो. मामाजींना तो थोडाच होता.

मी शाळेत शिकवते, म्हणून पहिलं मोजमाप रविवारी केलं. नेहमीचंच जेवण ठेवलं, मुद्दाम काही बदललं नाही. आधी १५२/८४. पंधरा मिनिटांनी १३८. अर्ध्या तासाने १२२. पंचेचाळीस मिनिटांनी यंत्राचा पट्टा एकदा फुगला, सुटला, पुन्हा आपोआप फुगला आणि आकडा आला १०८/५८. मी विचारलं, "मामाजी, कसं वाटतं?" डोळे अर्धे मिटलेले, ओठ जरा पांढरे. म्हणतात, "बढिया." घेरी येतेय हे सांगता येण्याइतकी जाणीवही कधीकधी राहत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, ते समोर दिसलं. दोन तासांनी १४० वर आलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे स्वतः वाचले, वजाबाकी केली आणि म्हणाले, "चव्वेचाळीस? एका जेवणात?" त्या दिवसापासून वही त्यांनी ताब्यात घेतली. आजार पटवायला आम्हाला वेगळी मेहनत लागली नाही, वजाबाकीनेच पटवला.

दुसरी गोष्ट कळली ती अनपेक्षित होती. आम्ही दुपारच्या जेवणाच्या मागे लागलो होतो, आणि सकाळच्या नाश्त्यानंतरची घसरण जवळपास तेवढीच निघाली. नाश्ता नऊला, बीपीची गोळीही नऊला, पोह्यांच्या बशीशेजारीच ठेवलेली. आणि त्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषधही होतं.

मग दंडाला चोवीस तासांच्या बीपीचं यंत्र लावलं. दिवसा दर अर्ध्या तासाला, रात्री तासाला आपोआप मोजतं. मामाजींनी ते निगुतीने सांभाळलं, पण पहाटे वैतागून म्हणाले, "रात्रभर कोणी तरी दंड आवळते राजा." त्या अहवालात रात्री आडवं असताना बीपी १६० च्या पुढे आणि दोन्ही जेवणांनंतर खड्डे. इथे नातेवाईक धावून आले. बीपी उतरतं ना, मग बीपीची गोळीच बंद करा, हा सल्ला मला किमान तीन जावांनी आणि एका मेहुण्याने दिला. ऐकायला बरोबर वाटतो. पण तोच माणूस एका वेळी उंच आणि एका वेळी खाली असतो, आणि बेलगाम वाढलेलं बीपी असणाऱ्यांत जेवणानंतरची घसरणही जास्त दिसते. डॉक्टरांनी लघवीचं औषध काढलं, टेल्मिसार्टन एकटी ठेवली आणि ती झोपताना दिली. प्रोस्टेटची गोळीही बीपी उतरवू शकते, म्हणून त्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. रात्री लघवीला उठताना पलंगाच्या काठावर पाय सोडून जरा वेळ बसायचं, मगच उभं राहायचं, आणि पलंगाशेजारी भांडं ठेवायचं. भांड्यावरून दोन दिवस अबोला झाला, मग ठेवलं. हे सगळं आमच्या घरापुरतं आहे. कोणी हे वाचून आपल्या घरच्यांच्या गोळ्या हलवू नका.

खरी लढाई ताटातली.

सासूबाईंनी पन्नासेक वर्षं या माणसाला गरम वरण-भात वाढलाय. वरून साजूक तूप, लिंबाची फोड. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका वेळचं जेवण कमी करा, दिवसात वेळा वाढवा, भात-पोळी-साखर घटवा, डाळ-दही-अंडी-भाज्या वाढवा, आणि फार गरम वाढू नका. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "भात काढला तर माणूस अर्धा होईल, मग बीपी मोजायला उरेल कोण?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. या वयात वजन उतरणं हाही धोकाच, डॉक्टरही तेच बोलले होते. म्हणून एकूण खाणं कमी करायचं नव्हतं, फक्त तोडायचं होतं.

पहिला तोडगा ताटाचा नाही, वाटीचा निघाला. भात ताटात वाढला की तो डोंगर किती हे कळत नाही. एका छोट्या स्टीलच्या वाटीत दाबून भरायचा आणि ती वाटी हाच भात. वरण मात्र हवं तेवढं, आणि घट्ट. साडेअकराला अर्धी ज्वारीची भाकरी, चून किंवा उसळ, दही. दीडला भाताची वाटी, वरण, भाजी. चारला उकडलेलं अंडं किंवा भाजलेले फुटाणे. पोहे बंद केले नाहीत, ते शक्यच नव्हतं. तर्रीतले चणे वाढवले आणि पोहे घटवले, आता बशीत चणे जास्त आणि पोहे सजावटीला असतात. मामाजींच्या मते हे तर्री पोहे नव्हेत, पण खातात. वरण कोमट देण्यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. सासूबाई अजून वाफ निघणारंच वाढतात आणि मग दोघं गप्पा मारत बसतात. तेवढ्यात ते निवतं.

पाण्याचं एक सोपं वाटलं होतं. जेवणाआधी साधारण पंधरा मिनिटं दोन पेले, म्हणजे चारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी एकदम प्यायचं. वृद्धांत आणि नसा कमकुवत झालेल्यांत त्याने बीपी थोडा वेळ वर राहतं. त्यांची इको आणि किडनीचा रिपोर्ट ठीक होता म्हणून परवानगी मिळाली. हृदय किंवा किडनी अधू असेल तर हे परस्पर करायचं नाही. पण प्रोस्टेटवाल्या माणसाला दोन पेले पाणी पाजलं की ते पाणी कधी बाहेर यायला बघतं? नेमकं जेवणानंतर पाऊण तासाने. ज्या वेळी उठूच नये, त्याच वेळी घाईने उठावं लागायचं. मग पाणी अर्धा तास आधी घेऊन ताटावर बसण्याआधी एकदा जाऊन यायचं असा क्रम लावला. कोणत्याही पत्रकात हे लिहिलेलं नसतं, घरीच शोधावं लागतं.

नाश्त्यासोबत चहाऐवजी कडक कॉफी, बिनसाखरेची, एकच कप. कॉफीने सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, करून बघा, असं डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. आम्हाला वहीत थोडा फरक दिसला. संध्याकाळी नाही, नाही तर रात्रभर भजन.

जेवल्यावर हळू चाललं तर चालेपर्यंत बीपी टिकतं. पण "चालेपर्यंत" हा शब्द महत्त्वाचा. बसलं की पुन्हा उतरतं. आणि आधीच डोकं हलकं वाटत असेल तर चालायचं नाहीच, पाय जरा वर करून आडवं व्हायचं. एप्रिल संपेपर्यंत अंगणात चालले. मे महिन्यात नवतपात बाहेर ४५ अंश, तेव्हा कसलं अंगण. उन्हाने कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी जातं, बीपी आणखी खाली. म्हणून देवघर ते पुढची खोली, कूलरच्या झोतातून, सोबत कोणीतरी. मी शाळेत असेन तर नातू. नातवाने मोबाइलवर पावलं मोजायचा खेळ काढला, आजोबांनी त्याला रेल्वेच्या स्टेशनांची नावं लावली. देवघर म्हणजे नागपूर, सोफा अजनी, पुढचं दार बुटीबोरी. बुटीबोरीहून परत फिरायचं. वीसेक मिनिटांनी नागपूरला गाडी लागली की आरामखुर्चीत पाय वर, आणि दोन तास पुरे होईतो अंघोळ, जिना, देवळात जाणं, काही नाही.

एवढं करूनही नाश्त्यानंतरची घसरण पंचविसाच्या खाली येईना. तेव्हा डॉक्टरांनी अकार्बोज सुरू केलं. ही मूळची मधुमेहाची गोळी. पिष्टाचं पचन आतड्यात रेंगाळतं, साखर हळू शोषली जाते, तशी घसरणही कमी होते. मामाजींना मधुमेह होताच, मेटफॉर्मिन चालू होतं, त्यामुळे बसत होतं. ती पहिल्या घासासोबत घ्यायची. बरंच आधी घेऊन किंवा जेवून झाल्यावर घेऊन उपयोग नाही. एक गोष्ट डॉक्टरांनी माझ्याकडून वदवून घेतली. ही गोळी घेणाऱ्याची साखर कधी खाली गेली, तर घरची साखर खायला देऊन पटकन वर येत नाही, कारण तीच साखर फुटायला गोळी अडवते. तेव्हा ग्लुकोजच लागतं. म्हणजे काकूंचा डबा अखेर आमच्या कपाटात आला, पण वेगळ्या कामासाठी.

अकार्बोजचा त्रास म्हणजे वायू. आणि कमी नाही. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन फसफसतं. पहिल्या आठवड्यात मामाजींनी भजनी मंडळाला जाणं बंद केलं, कारण विचारलं तर "मृदंगाची जागा भरून निघते" म्हणाले. डॉक्टरांनी मात्रा निम्मी करून हळूहळू वाढवली. आता जमलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे बसतात, म्हणजे सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, आंबील, वडे, आणि जेवायला तीन वाजतात. सगळंच नेमकं उलटं. भरपूर, गोड, गरम आणि दिवसभर उपाशी राहून. मामाजींना जेवू नका म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. मी साडेअकराला त्यांना दही आणि उकडलेले चणे खाऊ घातले, सासूबाईंनी देवीची मनातल्या मनात माफी मागितली. पाणी, गोळी, मग पंगत. पुरणपोळी अर्धी, तूप हवं तेवढं, भाज्या सगळ्या. उरलेली अर्धी सात वाजता. पंगतीतून उठताना दोन्हीकडून दोघांनी धरलं नाही, पण दोघं शेजारी होते. पंचेचाळीस मिनिटांनी १२४. आधी १५० होतं. सव्वीसची घसरण, व्याख्येप्रमाणे आजार आहेच. पण ते पाहुण्यांशी बोलत होते, जुन्या अजनी यार्डाच्या गोष्टी सांगत होते, आणि वाक्य अर्धवट सुटत नव्हतं.

सध्या वहीत बहुतेक दिवस घसरण पंधरा ते वीसच्या मध्ये असते. लग्नाच्या जेवणानंतर किंवा फार उकाड्यात तिशीवर जाते, तेव्हा आडवं होणं हाच उपाय. सकाळचं साडेसहाचं मोजमाप त्यांनी सोडलेलं नाही, सवय आहे. पण कॅलेंडरच्या चौकोनात आता दोन आकडे असतात आणि दुसऱ्यापुढे बारीक अक्षरात "भा.नं." लिहिलेलं असतं. भाता नंतर.

पुढच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं, सकाळी हलका नाश्ता करून या. मी विचारलं हलका म्हणजे काय, तर म्हणाल्या चहा-बिस्कीट नाही तर उपमा. म्हणून शनिवारी वही घेऊन आधी रामदासपेठेत जायचं आहे. नाश्ता किती वाजता, अकार्बोज घ्यायची की नाही, दोन पेले पाणी पिऊन टेबलावर तेवढा वेळ लघवी रोखता येईल का, हे तीन प्रश्न मामाजींनी स्वतःच शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत.